मासे नसलेली टाकी

माझी आत्या लोकांच्या घरी समुद्र बसवून द्यायची. हे तिचेच शब्द. कुणी विचारलं, "काय करता?" तर सरळ सांगायची, "समुद्र बसवते. हॉलमध्ये, दवाखान्यात, सांगाल तिथे." ऐकणारा क्षणभर तिच्याकडे बघत राही. तेवढ्यात ती पिशवीतून मोजमापाची टेप काढून कामाला लागलेली असे.

आधी ती रंगीत माशांच्या एका दुकानात कामाला होती. दुकान बंद झालं तेव्हा तिने तिथल्या बादल्या, नळ्या आणि खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची गिऱ्हाइकं सोबत आणली. लग्न केलं नव्हतं. आमच्याच घरी, मधल्या खोलीत राहायची. गॅलरीत तिचे मिठाच्या पाण्याचे पिंप कायम भरलेले. कपडे वाळत घालायला गेलं की ओठांवर खारट चव यायची. आई वैतागून म्हणायची, "लोक समुद्र बघायला चार गावं ओलांडतात, आमच्याकडे तो कपड्यांवर उडतो." आत्या हसायची आणि भेगाळलेल्या बोटांना व्हॅसलीन चोळत बसायची. मिठाने तिच्या बोटांची पार वाट लागली होती.

तिच्या धंद्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे गिऱ्हाइकांची घाई. टाकी आली, पाणी भरलं, दिवा लागला, की लगेच प्रश्न: मासे कधी? कोऱ्या टाकीत मासे सोडले तर ते आपल्याच घाणीने मरतात. ती घाण पचवणारे जिवाणू आधी टाकीत वसवावे लागतात. त्यासाठी टाकीत मुद्दाम काहीतरी कुजवायचं, कच्च्या कोळंबीचा तुकडा वगैरे. त्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू तो खातात आणि मागे दुसरं विष ठेवतात. मग ते विष खाणारी दुसरी जात वाढते. हे सगळं जमून यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत पाणी, वाळू, दगड आणि दिवा एवढंच. आत्या याला टाकी मुरणं म्हणायची. मुरत असलेल्या टाकीकडे बघून पाहुणे विचारायचे, "मेले वाटतं सगळे?" आणि घरमालक आत्याला फोन करून तिचं डोकं खायचे.

म्हणूनच नकाशेवाल्यांनी मासे कधी येणार हे विचारलंच नाही, तेव्हा ती खूश झाली होती.

नकाशेवाले हे तिनेच ठेवलेलं नाव. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाच्या घरात एकटे राहायचे. त्यांची बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि आदल्या वर्षी गेली होती. टाकी त्यांना तिच्याच खोलीत हवी होती, पलंग होता त्या जागी. पलंग काढून टाकलेला होता, पण त्याच्या पायांनी फरशीवर पाडलेले चार फिकट गोल तसेच होते. त्यांनी खोलीचा नकाशा काढून ठेवला होता. खिडकी, दरवाजा, प्लगची जागा, सगळं टोकदार पेन्सिलीने, आणि मधोमध टाकी.

"इथे ऊन येत नाही, ते बरं आहे," आत्या म्हणाली. "पण भिंतीपासून थोडी पुढे घेऊ. मागे हात जायला जागा हवी."

"नको," ते म्हणाले. "भिंतीला चिकटून हवी."

आवाज मऊ, पण त्यात तडजोड नव्हती. आत्याने टाकी भिंतीला लावली.

पाणी भरलं, वाळू पसरली, पाणी ढवळणारा पंप लावला. मग दगड रचले. हे साधे दगड नसतात. समुद्रातून आलेले, भोकाभोकांचे, आत नाना तऱ्हेचे बारीक जीव दडून बसलेले. शेवटी जाळीच्या पुरचुंडीत कोळंबीचा तुकडा बांधून तिने तो पाण्यात सोडला आणि सांगितलं, "आता हात लावायचा नाही. वास आला तरी नाही."

पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा वास नव्हता. पाणी काचनळीत घेऊन तिने थेंब टाकले. अमोनिया वाढला असता तर पाणी हिरवं व्हायला हवं होतं, ते पिवळंच राहिलं. पुरचुंडी वर काढली तर जाळी फाटलेली आणि आत काहीच नाही.

"तुम्ही काढलीत का?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

एवढ्यात टाकीतून आवाज आला. टक. काचेवर कुणी नखाने मारावं तसा, पण जास्त कोरडा.

आत्या हसली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. एका जातीची चिमुकली कोळंबी असते. तिची एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच मोठी असते आणि ती मिटली की चुटकी वाजवल्यासारखा आवाज होतो. दगडाच्या भोकात बसून ती फुकटचा प्रवास करते आणि लोकांच्या दिवाणखान्यात येऊन ठाण मांडते. "फुकट्या पाहुणा आलाय तुमच्याकडे," तिने नकाशेवाल्यांना सांगितलं. "त्यानेच तुकडा फस्त केलाय. काढू का? पुढे लहान माशांना त्रास देईल."

"राहू दे," ते म्हणाले. "मला आवाजाचा त्रास नाही."

मग आत्याने तुकड्याचा नाद सोडला आणि बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबाने घालायला सुरुवात केली. टाकी मुरायला लागली. दगडांवर तपकिरी थर धरला, काचेवर बुरशीसारखी लव आली, नळीतला रंग हिरवा झाला. सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं.

एकदा ती स्वयंपाकघरात बादली विसळत होती. नळ बंद केला तेव्हा खोलीतून नकाशेवाल्यांचा आवाज आला. फोनवर असतील असं तिला वाटलं.

"पंखा लावू का?"

टक टक.

"बरं, नाही लावत. खिडकी उघडू?"

टक.

खिडकीची खिट्टी सरकल्याचा आवाज आला. आत्या ओल्या हातांनीच दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी वळून पाहिलं. ओशाळले नाहीत, काही लपवलंही नाही.

"एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही," ते म्हणाले. "ही आजारी होती तेव्हापासूनची पद्धत आहे. वाचा गेली होती तिची."

माणूस एकटा, खोली बायकोची, त्यात टाकीत वाजणारी कोळंबी. आत्याला कळवळा आला. तिने पंप तपासल्यासारखं केलं, दोन शब्द बोलली आणि निघाली. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. "एवढं प्रेम असावं," आई म्हणाली, आणि तिने पुढची जुडी सोडली.

पण आत्याचा स्वभाव पडला चौकस. पुढच्या खेपेला नकाशेवाले चहा करायला आत गेले आणि खोलीत ती एकटीच होती. टाकीकडे वाकून, आपलीच थट्टा करत ती हळूच म्हणाली, "काय गं कोळंबे, माझ्या पिशवीत छत्री आहे ना?"

छत्री होती. सकाळी तिने स्वतः ठेवली होती.

टक टक.

"चुकलीस," आत्या म्हणाली. मनातून तिला बरंच वाटलं. कोळंबी ती कोळंबीच. सहज म्हणून तिने पिशवीत हात घातला. नळ्या होत्या, पुसायचं फडकं होतं, थेंबांच्या बाटल्या होत्या. छत्री नव्हती. वाटेत ती मीठ घ्यायला एका दुकानात थांबली होती आणि तिथल्याच गल्ल्यावर विसरली होती.

तिने मला सांगितलं, "चहा घेतला, पण कसा होता ते आठवत नाही."

तरी तिने मनाची समजूत घातली. दोनच तर उत्तरं, निम्म्या वेळा बरोबर येणारच. ती टाकीवर जात राहिली. पण त्या खोलीत आता ती काही विचारत नसे. साधं "झाकण कुठे ठेवलं" हेसुद्धा मोठ्याने म्हणत नसे, न जाणो कुणी उत्तर द्यायचं.

मग एक दिवस जिन्यात तिला नकाशेवाल्यांची लेक भेटली. औषधांच्या दुकानात काम करणारी, चटपटीत बाई. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती आत्याचीच वाट बघत उभी होती.

"ताई, त्या टाकीत जे काय वाजतं ना, ते काढून टाका," ती म्हणाली. "बाबा खोलीतून बाहेरच येत नाहीत. माझ्याकडे जेवायला बोलावलं तर आधी त्या टाकीला विचारून येतात आणि म्हणतात, नको. खंगलेत किती, बघितलंत ना?"

"अहो, पण त्यांना तेवढाच आधार आहे," आत्या म्हणाली. "तुमच्या आईंची आठवण. त्या अशाच टकटक करून बोलायच्या ना."

लेकीने तिला मध्येच थांबवलं.

"आई कुठली टकटक करणार?"

"तेच, एकदा हो, दोनदा नाही…"

"आईला मानेखाली काही हलवता येत नव्हतं," लेक म्हणाली. "बोटसुद्धा नाही. आई पापण्यांनी बोलायची, एकदा मिटल्या की हो, दोनदा की नाही. माझ्याशी पापण्यांनीच बोलायची, शेवटपर्यंत."

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लोटलं. दोघी दचकल्या, आणि मग जिना चढल्या.

त्याच दुपारी आत्याने दगड बाहेर काढले. नकाशेवाले खुर्चीत बसून होते. त्यांनी अडवलं नाही, फक्त म्हणाले, "काढायचं तर काढा." दुप्पट मिठाचं पाणी केलं की दगडातले प्राणी जीव मुठीत धरून बाहेर येतात. तिने एकेक दगड त्या बादलीत बुडवला, हलवला, बाजूच्या पिंपात ठेवला. शेवटून दुसऱ्या दगडातून कोळंबी निघाली. करंगळीएवढी, मातकट रंगाची, एक नांगी जाडजूड. आत्याने तिला चांगल्या पाण्याच्या बरणीत टाकलं आणि बरणी लेकीच्या हातात दिली.

"ही बघा तुमची टकटक."

लेकीच्या तोंडावर हसू फुटलं. "एवढीशी? बाबा, बघितलंत का?"

नकाशेवाले बरणीकडे बघत नव्हते. टाकीत आता नुसतं पाणी आणि वाळू होती. टाकीमागच्या भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं,

"गेलात का?"

टक टक.

आवाज बरणीतून आला नव्हता. बरणी लेकीच्या हातात होती, आत कोळंबी तळाशी निपचित पडली होती. लेकीने ती घाईने टेबलावर ठेवली, त्यात थोडं पाणी सांडलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आईला अहो-जाहो कधी करत होतात?"

नकाशेवाल्यांनी चष्मा काढला.

"आयुष्यभर 'अगं' म्हणायचात तिला. मग हे 'गेलात का' कुणाला?"

बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग सांगितलं. बायकोला भरवताना, तिचे केस विंचरताना ते बोलत राहायचे आणि भिंतीतून टकटक यायची. नळाचा आवाज असेल म्हणून त्यांनी आधी सोडून दिलं. पण ती विचारल्यावरच यायची. पुढे वाटलं, हिच्या मनातलंच कसं कोण जाणे बाहेर येतंय. हिच्या पापण्या आणि भिंतीतला आवाज, दोघांचं उत्तर एकच असायचं. कितीतरी वर्षं ते याच समजुतीत राहिले.

"मग ती गेली," ते म्हणाले. "तिला घेऊन गेले, मी खोलीत आलो, आणि सवयीने म्हटलं, 'दिवा मालवू का?' तर उत्तर आलं. तेव्हा कळलं, ही ती नव्हती. कधीच नव्हती. ओळख ना पाळख, तेव्हापासून मी 'तुम्ही' म्हणतो."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटली?" लेकीने विचारलं.

"वाटली. पण घरात दुसरं कुणी उत्तर देणारं नव्हतं."

"मग ही टाकी कशाला?" आत्याने विचारलं.

ते चक्क हसले. "बाई, माणूस भिंतीशी बोलतो म्हटलं की लोक डॉक्टर आणतात. टाकीशी बोलतो म्हटलं की म्हणतात, छान छंद लागलाय."

लेकीने त्या संध्याकाळी त्यांना तिथे राहू दिलं नाही. कपड्यांची बॅग भरली, औषधं घेतली आणि बाबांना हाताला धरून खाली नेलं. नकाशेवाले दाराशी थांबले, खोलीकडे वळून पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण लेकीसमोर विचारलं नाही.

दगड आत्याने टाकीत परत रचले होते, कारण ते पाण्याबाहेर राहिले तर इतक्या आठवड्यांत वसलेले जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. टाकी लेकीच्या घरी हलवायची ठरली. दोन-चार दिवसांनी दगड पिंपांत घालून माणसांकडून आधी पाठवले. पाणी उपसायला, नळ्या गुंडाळायला आणि फरशी पुसायला आत्या मागे राहिली. भर दुपार होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. टाकी रिकामी, खोली रिकामी, फरशीवर पलंगाच्या पायांचे ते फिकट गोल.

आत्याने मला हे फार वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती व्हॅसलीनची डबी हातात घेऊन बसली होती, पण बोटं चोळत नव्हती.

"मला वाटलं, आपण निघणार, परत येणार नाही," ती म्हणाली. "नकाशेवाल्यांनी याला पंखा विचारला, खिडकी विचारली. मी तर छत्री विचारली. एकदा तरी नीट विचारावं."

तिने भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

क्षणभर काही झालं नाही. मग एक टक. मग दोन. आत्याला वाटलं हो का नाही, पण ते थांबलं नाही. टकटक टकटक सुरूच राहिली. कधी भराभर, कधी अडखळत, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून. एखाद्याचं तोंड वर्षानुवर्षं बांधलेलं असावं आणि कुणीतरी अचानक सोडावं, तसं. आवाज आधी भिंतीतून येत होता. मग रिकाम्या टाकीच्या काचेतून आला. मग फरशीतून, त्या चार गोलांच्या जागी. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण ऐकणारं कुणीतरी आहे म्हणून ते जीव तोडून सांगतंय, एवढं मात्र कळत होतं.

"मी दोन्ही हात वर केले," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, थांबा, मला समजत नाही. अहो, मला समजत नाही हो. तरी ते थांबेना. शेवटी मी बादली, फडकं, सगळं तिथंच टाकून निघाले. दार ओढून घेतलं तरी आतून चालूच होतं."

रिकामी टाकी दुसऱ्या दिवशी माणसं जाऊन घेऊन आली. त्यांना काही ऐकू आलं नाही. आत्या खालीच, रस्त्यावर उभी राहिली होती.

लेकीच्या घरी टाकी पुन्हा नीट मुरली. नळीतलं पाणी पिवळं आलं, मग दुसऱ्या विषाची तपासणीही स्वच्छ निघाली, आणि आत्याने जोकर माशांची एक जोडी आणून सोडली, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची. नकाशेवाले त्यांना चिमटीने खाणं घालायचे. तब्येत सुधारली, जेवायला लागले. नातवंडांना त्या माशांची चित्रं काढून द्यायचे, अगदी मापात. टाकीपुढे बसायचे, पण बोलायचे नाहीत. ती टाकी कधी वाजली नाही.

कोळंबीची बरणी आत्याने आमच्या गॅलरीत ठेवली होती. आई कुरकुरत तिला खाऊ घालायची. ती बरीच जगली आणि कधीमधी वाजायचीसुद्धा, पण कसंही, केव्हाही. आई तिला विचारायची, "पोट भरलं का?" आणि उत्तराची वाट न बघता आत निघून जायची.

ते जुनं घर विकलं गेलं. नव्या लोकांनी टाकीमागची मधली भिंत पाडली आणि दोन खोल्यांची एक मोठी खोली केली, असं लेकीकडून कळलं. पाणी बदलायला गेलेल्या आत्याला एकदा नकाशेवाल्यांनी हळूच विचारलं, "तिथल्या लोकांची काही तक्रार?"

"काही नाही म्हणतात. एकदम शांत घर आहे म्हणे."

"त्यांनी काही विचारलं नसेल," ते म्हणाले, आणि माशांकडे बघत बसले.

ते गेले त्याला आता बराच काळ झाला. लेकीने टाकी ठेवली आहे. आत्या थकली, बादल्या उचलवत नाहीत, तरी त्या एका टाकीवर ती अजून जाते. दुसरी माणसं पाणी उचलतात, ही मीठ कालवते आणि चव घेऊन बघते. मापाचं उपकरण असताना चव कशाला, असं मी म्हटलं की ती माझ्याकडे दुर्लक्ष करते.

मी तिला विचारलं होतं, "ते काय सांगत होतं, काही अंदाज?"

"नाही गं," ती म्हणाली. "त्याला नकाशेवाल्यांनी दोनच शब्द शिकवले होते. तेवढ्यात माणूस काय काय सांगणार?"

मग म्हणाली, "माणूसच होतं असंही नाही म्हणा," आणि गॅलरीतला पिंप भरला का ते बघायला उठली.